येर्कोच्या ओळी

लुम्बार्दा,
१० फेब्रुवारी २०१७

प्रिय येर्को,

तुला, मार्गारेटला आणि पोरांना अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं सुखरूप आहोत. तुम्हीही तिकडे पर्थला सुखरूप असाल. तुमच्याकडे आत्ता उन्हाळा, म्हणजे तू घामाघूम होऊन कुणावर तरी खेकसत असशील.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही. शिवाय फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं. कागदावर निदान पत्र संपेपर्यंत तरी तुला गप्प बसावं लागेल.

आठवडाभर यूगोचा दमट वारा वाहतोय. समुद्र बंदराच्या पायऱ्या चढून आलाय, भिंतींना घाम फुटलाय, आणि गावात कुणी कुणाशी धड बोलत नाही. यूगोत बोललेलं मनाला लावून घ्यायचं नसतं हे तुला माहीत आहेच. तेव्हा पुढे मी जे लिहीन त्यातलं निम्मं वाऱ्याच्या माथी मार.

कुझ्मा बरा आहे. नवरा म्हणून तक्रार करायला जागा ठेवतो, पण बरा आहे. पाठीमुळे शेतात येणं कधीचंच सुटलं. रोज सकाळी माझ्या कात्रीला धार लावून देतो आणि बंदरावर पत्ते कुटायला जातो. दुपारी हरून येतो आणि जेवताना सांगतो की आज पानंच वाईट पडली. एवढ्या वर्षांत त्याचा खेळ कधी वाईट झालेला नाही, पानंच वाईट पडतात. शेजारच्या लुत्सेने तिचं रान विकलं. तिथे आता पोहायचा तलाव झालाय. समोर एवढा समुद्र पसरलेला असताना माणसं त्या डबक्यात पाय सोडून बसतात.

आता तुझ्या पत्राविषयी.

मी ते दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तू लिहितोस, "माझ्या वाट्याच्या प्लावात्सच्या सगळ्या काळ्या वेली उपटून टाक आणि तिथे पांढरा ग्रक लाव. हल्ली पाहुणे ग्रकसाठी वेडे झालेत म्हणे. काळ्या वाईनला कोण विचारतं? याच हिवाळ्यात उरकून घे. पावोच्या जेसीबीचं मी बघतो."

येर्को, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?

अरे, ग्रकचं नाव पुरुषाचं असलं तरी जात बाईची. त्याला नुसती मादीची फुलं येतात. मेअखेरीस ग्रक आणि प्लावात्स एकदम फुलतात, वारा प्लावात्सचा पिवळा धुरळा ग्रकवर नेऊन टाकतो, तेव्हा कुठे मणी धरतो. प्लावात्स जवळ नसेल तर घडाला मोहरीएवढे दाणे लागतात. त्यांची वाईन सोड, घोटभर सरबत होणार नाही. म्हणून तर आपल्याकडे पांढऱ्या ओळींना काळ्या ओळी खेटून असतात. हे मी तुला शिकवायचं? लुम्बार्दाचं शेंबडं पोरसुद्धा झोपेत सांगेल. पर्थला काय खाऊ घालतात रे तुला?

पूर्वीची गोष्ट वेगळी होती. चहूबाजूंना कुणाचे ना कुणाचे प्लावात्स असायचे, कुणाचाही धुरळा चालायचा. आता एका अंगाला लुत्सेचा तलाव, दुसऱ्या अंगाला जर्मनांचा बंगला, वरून रस्ता. उरल्यात त्या फक्त तुझ्या ओळी. त्या गेल्या की माझा ग्रक जन्माचा बिनलग्नाचा.

तुला वाटणीचा राग आहे, हे मला कळतं. नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या दिवशी नवी वाईन फोडली आणि बाबांनी टेबलावर हात आपटून सांगितलं, "पांढरं पेरिनाला, काळं येर्कोला." मुलीला रान द्यायची रीत नव्हती, तरी दिलं. तू उभा राहिलास आणि म्हणालास, "मुलीला सोनं दिलंत आणि मुलाला शाई." आईच्या हातातला माशांचा थाळा तसाच राहिला. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण मला आनंद झाला होता. वसंत यायच्या आत तू ऑस्ट्रेलियाची बोट धरलीस. पण त्या रागाचा सूड चाळीस वर्षांनी वेलींवर काढायचा असेल तर तसं स्पष्ट लिही. पाहुण्यांचं आणि पैशांचं नाव पुढे करू नकोस.

कुझ्माला तुझं पत्र वाचून दाखवलं, तर तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मालक तो आहे. त्याने उपट म्हटलं तर उपट. तू कशाला मधे पडतेस? पावोला निरोप देऊ का?" मला एवढा संताप आला की त्याच्यापुढची भाजी उचलून नेली. हा माणूस तीस वर्षं त्या वेलींना पाठ वाकवून राबला आणि आता असं बोलतो. म्हातारपणी पुरुषांचं मन शेवाळतं.

तुझ्या ओळींची छाटणी निम्मी झाली आहे. माझ्या ओळी आधी केल्या, तू म्हणशीलच. यंदा काड्या जाड आहेत. गेल्या महिन्यात तुझ्या ओळींत काम करता करता जरा बसले होते. लाल वाळू उन्हाने कोमट झाली होती. तिथून समुद्र चांगला दिसतो. मग घरी आले.

तर मला लगेच कळव की हा हुकूम मागे घेतलास. तोवर मी तुझ्या ओळींना कुणाला हात लावू देणार नाही.

तुझी बहीण,
पेरिना

*

पर्थ,
६ मार्च २०१७

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. अर्धं वाचून हसलो. उरलेलं वाचलं तेव्हा मार्गारेटने विचारलं की कोण गेलं.

ग्रकला नर लागतो हे मी विसरलो, असं तुला खरंच वाटलं? ताई, मी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो. मार्गारेटचा वाढदिवस दरवर्षी विसरतो आणि दरवर्षी बोलणी खातो. पण हे? आपल्याकडे पोर 'आई' म्हणायच्या आधी हे शिकतं. मी असली चूक करीन यावर तू विश्वास ठेवलास, याचं मला वाईट वाटलं. आणि खोटं सांगायचं नाही, थोडं बरंही वाटलं, कारण माझा डाव तोच होता.

जानेवारीत कुझ्माचा फोन आला. बंदरावरून केला होता, मागे पत्ते आपटल्याचा आवाज येत होता. एवढ्या वर्षांत त्याने मला आपणहून केलेला तो पहिला फोन. तो रडत होता. तू माझ्या ओळींत पडलीस. "जरा बसले" नाहीस, पडलीस. दुपारची जेवायला आली नाहीस म्हणून तो काठी टेकत शोधायला आला, तर तू वाळूत आडवी आणि कात्री हातात तशीच. आणि तू त्याला काय म्हणालीस? "एवढी ओळ संपवते आणि येते."

तो मला म्हणाला, "येर्को, ती थांबायची नाही. मी थांब म्हटलं तर तीच कात्री मला फेकून मारील."

मी म्हटलं, "तिला थांब म्हणूच नकोस. मी मूर्खपणा करतो. त्यापुढे तिचं काय चालणार आहे?"

मालक मी. मी उपटा म्हटलं की माझ्या ओळी उपटाव्या लागणार. माझे प्लावात्स गेले की तुझ्या ग्रकला फळ नाही. फळ नाही तर छाटणी कशाची करशील? तुझ्यावर कुणी बोट ठेवणार नाही. गाव म्हणेल, येर्को ऑस्ट्रेलियात राहून बैल झाला. म्हणू दे, मला कुठे तिथे तोंड दाखवायचंय? मला वाटलं होतं, तू चिडशील आणि चिडून तरी पावोला बोलावशील. तर तू पानंच्या पानं लिहून माझ्याच प्लावात्सची वकिली केलीस. तुझ्यापुढे मी लहानपणापासून हरत आलोय.

बाबांच्या वाटणीबद्दल लिहिलंयस, तर मीही लिहितो. तेव्हा सगळं गाव म्हणत होतं, म्हातारा हुशार. बहिणीला भावाचे प्लावात्स लागणार, म्हणजे तिने त्याच्याशी गोडीत राहायचं. भावाला ओळी सोडून जाता येणार नाही, म्हणजे त्याने गावात राहायचं. दोघांना एका दाव्याला बांधलं होतं. मी सोनं आणि शाई करत भांडलो, पण खरा राग त्या बांधण्याचा होता. मी माझा गळा सोडवून घेतला. दावं राहिलं तुझ्याच गळ्यात, आणि तू चाळीस वर्षं दोन बैलांचं काम ओढलंस. स्वतःचं पीक यावं म्हणून माझ्या वेली छाटल्यास. वर दर नाताळला कुणाच्या तरी हाती माझ्या शाईची बाटली पाठवलीस. मी कधी पोचल्याचं कळवलं नाही. प्यायलो मात्र सगळ्या.

ताई, बस झालं. पावोशी माझं बोलणं झालंय. तू नुसतं हो म्हण.

मी येणार नाही. गुडघ्याचं कारण सांगू शकलो असतो, पण खरं कारण असं की त्या ओळी उपटलेल्या मला बघवणार नाहीत. इथे बसून हुकूम सोडणं सोपं आहे, तेवढंच मला जमतं.

कुझ्मावर रागावू नकोस.

तुझा मूर्ख भाऊ,
येर्को

*

लुम्बार्दा,
२ एप्रिल २०१७

येर्को,

आशीर्वाद वगैरे मागाहून.

तुझं पत्र आलं त्या दिवशी कुझ्मा पत्ते खेळून घरी आला, टोपी काढली, आणि माझ्या तोंडाकडे बघून परत टोपी घालायला लागला.

मी म्हटलं, "बस. कधीपासून चाललंय हे तुमचं?"

"जानेवारीपासून."

"दोघांनी मिळून मला वेडी ठरवलंत."

"तुला कुठे? वेडा तर येर्को ठरला. तो आपणहून तयार होता."

"आणि पावोला निरोप देऊ का म्हणालास तेव्हा लाज नाही वाटली?"

"वाटली की. म्हणून तर खिडकीबाहेर बघत होतो." मग तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "पेरिना, मला तुला उचलता येत नाही गं. त्या दिवशी मी तुझ्याशेजारी उभा होतो आणि मला वाकता येत नव्हतं. जर्मनांच्या माळ्याला हाका मारून आणावं लागलं. माझ्या बायकोला माळ्याने उचललं."

तरी आठवडाभर बोलले नाहीच. स्वयंपाक केला, ताट वाढलं, पण बोलले नाही. तो बिचारा रोज सकाळी सवयीने कात्री हातात घ्यायचा आणि परत खाली ठेवायचा. शेवटी एका दुपारी येऊन म्हणाला की आज मीच नीट खेळलो नाही, म्हणून हरलो. हे असलं काही त्याच्या तोंडून निघेल असं मला जन्मात वाटलं नव्हतं. मला हसू आलं आणि अबोला तिथेच मोडला.

आता तुला सांगते. मी पडले होते, हे खरं. पाय मुरगळला नाही, चक्करही आली नाही. गुडघे वाकले ते सरळच झाले नाहीत. पण एक गोष्ट कुझ्मालाही ठाऊक नाही. मला उठता येत नव्हतं हे सुरुवातीचं झालं. थोड्या वेळाने पायांत जीव आला होता. वेलीच्या खुंटाला धरून उठता आलं असतं. मला उठायचंच नव्हतं. भिंतीमुळे वारा लागत नव्हता, पाठीखाली वाळू कोमट होती, आणि वाटलं, राहू दे आता. कुणी येऊन उचलेल तेव्हा उचलेल. लांबून कुझ्माची काठी दिसली तेव्हा कुणीतरी आलं याचंच आधी मला वाईट वाटलं. नंतर मला त्या वाईट वाटण्याचीच भीती बसली, आणि म्हणूनच मी ओळ संपवायची गोष्ट काढली.

मी थकले आहे, येर्को. आपल्याकडे बायका हा शब्द उच्चारत नाहीत. आईने उच्चारला नाही, शेवटच्या आजारातसुद्धा 'जरा टेकते' एवढंच म्हणायची. हवा कशी आहे, पीक कसं आहे, वेल कशी आहे, सगळं विचारतात. मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आता तू विचारलंस, तेही असं उलट्या बाजूने, मूर्खाचं सोंग घेऊन. तुझी ती युक्ती मला फार लागली. रागही आला आणि दोन दिवस रडूही आलं.

तू म्हणशील, मग ती पानंच्या पानं कशाला लिहिलीस? एवढी थकली होतीस तर माझ्या मूर्खपणाचा फायदा घ्यायचा, गप्प बसायचं, सगळं आपोआप संपलं असतं. मीही स्वतःला हेच विचारत होते. तुझा पहिला हुकूम वाचला त्या रात्री क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आणि लगेच उठून मी कागद काढला. मला वाटलं, माझा जीव ग्रकसाठी तुटतोय. म्हणून मी ग्रकबद्दल लिहीत सुटले, धुरळा काय, फुलं काय. खरं सांगू? ग्रकचं मला काही नाही. पाहुणे येतात, घोट घेतात, डोळे मिटतात, काहीतरी बोलतात. मला ती वाईन कधी विशेष आवडली नाही. मला काळीच आवडते. तुला बाबांनी शाई दिली तेव्हा त्या आनंदातही मला तुझा थोडा हेवा वाटला होता.

हिवाळ्यात मी तुझ्या ओळींत जाते ती तुझ्याशी भांडायला. आधी आई गेल्यावर तू आला नाहीस यावरून भांडले. मग बाबा गेल्यावर. एकेका वेलीपुढे बसते आणि एकेक प्रकरण काढते. पहिल्या वर्षांत तर नुसत्या शिव्या. नंतर नंतर घरचं सांगायला लागले. मला मूल झालं नाही, ते गावात कुणापाशी बोलले नाही, कुझ्मापाशीही फार नाही. तुझ्या चौथ्या ओळीत बोलले. तुझे फोटो येतात त्यातला टक्कल पडलेला गृहस्थ कोण आहे हे मला माहीत नाही. माझा भाऊ एकोणीस वर्षांचा आहे आणि तो त्या ओळींत असतो. त्या ओळी उपटल्या तर मी तुझ्याशी बोलायला कुठे जाऊ, एवढंच मला पहिल्या पत्रात लिहायचं होतं. ते सोडून बाकी सगळं लिहिलं.

तुझी अर्धी ओळ छाटायची राहिली ती राहिलीच. पत्र आल्यापासून मी शेतात गेलेली नाही. लुत्से सांगत होती की राहिलेल्या वेलींना आता वाटेल तिथून डोळे फुटलेत. फुटू देत.

तुझं म्हणणं मला मान्य आहे. उपटून टाकू. काळे एकटे कशाला, पांढरेही काढू, म्हणजे पुढे कुणाला कुणाची गरज पडायला नको. यंदा जे काय येईल ते येऊ दे. बंदरावरची पोरं काढून नेतील. मग सेंट मार्टिननंतर पावोने यावं.

पण मी त्या यंत्रासमोर एकटी उभी राहणार नाही. कुझ्माला उभं करणार नाही. तुला बघवत नाही, म्हणतोस. मला चाळीस वर्षं कुणी विचारलं नाही की तुला काय बघवतं. तू ये. पहिली वेल तुझ्या हाताने काढ. गुडघे दुखले तर दुखू देत, इथे सगळ्यांचेच दुखतात. मी भिंतीवर बसेन आणि कशालाही हात लावणार नाही.

नाही आलास तर मी हो म्हणत नाही. पुढच्या जानेवारीत कात्री घेऊन तुझ्या ओळींत जाईन, आणि पडले तर या खेपेला कुणाला हाक मारू देणार नाही. याला धमकी म्हण हवं तर. कुझ्मा हे वाचून म्हणतो, असं लिहू नकोस. मी तसंच ठेवलं आहे.

मार्गारेटला आण. तिच्यासाठी गादी पिंजून घेते. तुला काय आवडतं ते आता मला आठवत नाही, ते आल्यावर सांग.

ये रे.

थकलेली,
तुझी ताई